हजारांच्या थव्यातील एक बदक

पावसाळा सरून रब्बीच्या पेरण्या आटोपल्या, की माळव्याच्या पठारावरील तळ्यांवर दूरदेशीच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. दिवाळीच्या सुमारास पहिल्या तुकड्या उतरतात. नाताळ जवळ येतो तोवर पाणी जागोजागी काळे दिसू लागते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, पाण्यावर शेवाळ दाटले आहे. परंतु एखादी घार वरून गेली की ते ‘शेवाळ’ एकदम उठते, आणि शेकडो पंखांचा सरसराट काठापर्यंत ऐकू येतो. ती बदके होत. अशा थव्यात एखादेच वेगळे, दुर्मिळ बदक दडलेले असेल तर ते शोधावे कसे, आणि मुळात ते शोधण्याचा खटाटोप माणसाने करावा कशासाठी, या दोन प्रश्नांचा विचार आजच्या लेखात करू.

धार व देवास ही नावे मराठी वाचकांस परकी नाहीत. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर पवार घराणे माळव्यात गेले आणि तेथेच स्थिरावले. धारेस एक गादी झाली. देवासास तुकोजीराव व जिवाजीराव या दोघा बंधूंच्या वंशजांच्या दोन गाद्या एकाच गावात नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या दरबारी काही काळ राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात देवासच्या गोकुळाष्टमीचे जे वर्णन केले आहे, तेथेही मिरवणूक शेवटी तळ्याच्याच काठी पोहोचते. माळव्यात तळ्यावाचून गाव नाही. धार शहरास तर लोक ‘साडेबारा तलावांचे गाव’ म्हणतात. धारेपासून जवळच मांडूचा जहाज महाल मुंज तलाव व कापूर तलाव या दोन तळ्यांच्या मधोमध उभा आहे. पावसाळ्यात दोन्ही तळी भरली म्हणजे महाल पाण्यात नांगरलेल्या गलबतासारखा दिसतो, म्हणून त्याचे ते नाव. धार व देवास यांच्या दरम्यान इंदूर आहे. तेथील सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर यांना २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा मान मिळाला. काळी कसदार जमीन, उथळ पाणी, काठाला गवत आणि तळाशी कंद व किडे. बदकास याहून अधिक काय हवे?

आता या पाहुण्यांची थोडी ओळख करून घेऊ. लांब टोकदार शेपटीचे ते तलवार बदक; चमच्यासारख्या पसरट चोचीने पाणी गाळणारे ते थापट्या; डोळ्यावर पांढरी भुवई रेखलेले ते भुवई बदक; आकाराने सर्वांत लहान, चपळ, ते चक्रांग. हे सारे उथळ पाण्यात डोके बुडवून व शेपूट वर करून चरतात, आणि भ्याले की जागच्या जागी उसळून हवेत उठतात. दुसरी जात बुडी मारणाऱ्यांची: लालसरी, शेंडी बदक, पांढऱ्या डोळ्यांची नयनसरी. ही खोल पाण्याच्या मध्यावर राहतात, आणि उडावयाचे तर आधी पाण्यावरून धावत जातात. केशरी अंगाचा चक्रवाक जोडीने वाळूवर उभा असतो. आपल्या जुन्या काव्यांतून रात्री विरह सोसणारा तो हाच. यांच्याबरोबर काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी शेकड्यांनी पोहतात. त्यांस पुष्कळ लोक बदकच समजतात. वस्तुतः ते पाणकोंबडीच्या कुळातले. हळदी-कुंकू बदक आणि अडई ही मात्र आपली घरची मंडळी. ती परदेशी जात नाहीत.

दुर्मिळ म्हणावे कोणास? याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. बैकाल सरोवराच्या नावाने ओळखले जाणारे एक सुंदर बदक आहे. नराच्या मुखावर पिवळ्या व हिरव्या रंगांची नक्षी असते. दक्षिण कोरियात हिवाळ्यात त्याचे लाखोंचे थवे दिसतात; हिंदुस्थानात मात्र वाट चुकलेले एखादेच कधी तरी चक्रांगांच्या थव्यात मिसळून येते. ते येथे दुर्मिळ आहे, जगात नाही. बेअर यांच्या नावाच्या बदकाची गोष्ट निराळी. ते चीन व रशियाच्या सीमेकडील प्रदेशांत वीण करते आणि हिवाळ्यात थोड्या संख्येने आपल्या ईशान्य भागापर्यंत येते. २०१२ पासून ते अत्यंत संकटग्रस्त मानले गेले आहे. ते येथेही दुर्मिळ आणि तेथेही दुर्मिळ. दिसावयास ते आपल्या नयनसरीचे सख्खे भावंड शोभेल: तोच गडद तपकिरी रंग, नराचा तोच पांढरा डोळा. फरक इतकाच की त्याच्या डोक्यावर हिरवट-काळी झाक असते, आणि पोटाचा पांढरा रंग कुशीच्या पुढल्या भागावर चढलेला असतो. पाचशे नयनसरींत ते एक असेल, तर त्या पाचशेंतल्या प्रत्येकीचे डोके पाहिल्यावाचून ते सापडणार नाही.

आणि तिसरे बदक असे, की ज्याला दुर्मिळ म्हणावे की दिवंगत म्हणावे, हेच कोणाला ठरविता आलेले नाही. ते गुलाबी मस्तकाचे बदक होय. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लेथम यांनी १७९० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नराचे अंग काळपट तपकिरी, आणि डोके व मान मात्र ताज्या गुलाबाच्या पाकळीसारखी. बिहार, बंगाल व आसाम या प्रांतांतील उंच गवताने वेढलेल्या दलदली हे त्याचे मुख्य घर. ते लाजाळू, मोठे थवे करीत नसे, जोडीने किंवा लहान टोळीने आडोशाच्या तळ्यांत राहत असे. त्याची अंडी हस्तिदंती पांढरी आणि जवळजवळ चेंडूसारखी गोल. बंदुकीने त्याचा पाठलाग केला, आणि त्याहूनही अधिक नांगराने केला. कारण दलदली कोरड्या करून शेते झाली, तसा त्याचा आडोसा गेला. १९३५ सालच्या जून महिन्यात दरभंग्याजवळ सी. एम. इंग्लिस यांनी त्याची नोंद केली. रानातील निःसंशय अशी ती शेवटची नोंद. इंग्लंडात फॉक्सवॉरेन पार्क येथे आल्फ्रेड एझ्रा यांच्या संग्रही काही जिवंत पक्षी होते. त्यांची छायाचित्रे उरली, पण त्यांनी पिलांचा वंश मागे ठेवला नाही. आज जगातील संग्रहालयांत मिळून ऐंशीच्या आसपास पेंढा भरलेले नमुने आहेत. इतके उरले.

तरीही शोध थांबलेला नाही. ब्रह्मदेशाच्या उत्तरेस कचिन प्रांतातील दलदलींत या शतकात अनेकदा पथके गेली. २०१७ साली इंडॉजी सरोवराच्या परिसरातही शोध झाला. निश्चित पुरावा हाती आला नाही. हिंदुस्थानातूनही अधूनमधून कोणी तरी ‘गुलाबी डोक्याचे बदक पाहिले’ असे कळवितो, आणि चौकशीअंती ती मोठी लालसरी निघते. दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा नसतो. लालसरीच्या नराचे डोके नारिंगी-तांबूस असते. सकाळच्या तिरप्या उन्हात ते गुलाबी भासू शकते. पण तिच्या कुशी पांढऱ्या असतात, छाती काळी असते, आणि उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा उघडतो. गुलाबी बदकाच्या कुशी गडद, आणि पंखाचा पट्टा फिकट बदामी. म्हणजे ओळख पटवावयाची ती ज्या डोक्यावर आपले मन जडले आहे त्यावरून नव्हे, तर ज्या कुशीकडे आपले लक्षच गेले नाही तिच्यावरून!

येथेच थव्यात शोध घेण्याची रीत आली. जाणकार मनुष्य तळ्यावर पहाटे जातो आणि सूर्य पाठीशी ठेवून बसतो. उजेड समोरून आला तर सारे पक्षी काळेच दिसतात. मग तो थव्याच्या एका टोकापासून आरंभ करून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश दुर्बीण फिरवितो. मधेच उडी घेत नाही. प्रथम तो मोजतो. दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते ध्यानात घेतो, तशा दहा जागांचे शंभर करतो, आणि अशा रीतीने हजारांचा अदमास बांधतो. नंतर जातवार विभागणी करतो: तलवार बदके किती, गडवाल किती, लालसरी किती. आणि सर्वांत शेवटी, ज्याचा हिशेब कोणत्याच रकान्यात बसत नाही, अशा एखाद्या पक्ष्यावर तो थांबतो. त्याचे अंग शेजाऱ्यांहून लहान आहे काय? चोच लांब आहे काय? पोहताना तो पाण्यात खोल बसतो की वर तरंगतो? उडाला तेव्हा पंखावर काय दिसले?

यात अडचणी पुष्कळ. माद्या बहुतेक जातींच्या मातकट, एकीसारखी दुसरी. शिवाय वीण संपल्यावर नरही आपला भरजरी पोशाख उतरवून काही महिने मादीसारखा साधा वेष घेतो. त्याच काळात त्याची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यास उडताही येत नाही. म्हणून आश्विन-कार्तिकात तळ्यावर नवीन आलेले नरदेखील ओळखावयास कठीण. पौष-माघात ते पुन्हा नटतात. भरीला दोन जातींचा संकर झालेले पक्षीही कधी कधी आढळतात आणि भल्याभल्यांस चकवितात. यास्तव ज्याला सामान्य बदके पुरती ठाऊक नाहीत, त्याला असामान्य बदक कधीच सापडत नाही. शंभर दिवस साध्या पक्ष्यांची संगत केल्यावर एकशे एकाव्या दिवशी वेगळा पक्षी आपण होऊन डोळ्यांत भरतो. बाजारात रोज नोटा मोजणाऱ्या माणसाच्या बोटांना खोटी नोट लागते ती याच न्यायाने.

परंतु डोळ्यांच्या कसोटीहून मनाची कसोटी मोठी. दुर्मिळ पक्षी पाहिल्याचा मान मोठा असतो, आणि त्या मानाचा लोभ फार वाईट. याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी व तापीच्या खोऱ्याशी निगडित आहे. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८८४ नंतर कोणास सापडले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मात्र आपण ते १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळविल्याचे सांगितले होते आणि नमुनाही दाखविला होता. तो सांगितला जाई तसा खरा मानला गेला, आणि पुढील शोधकर्ते त्या पत्त्यावर विसंबले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा तो नमुना दुसऱ्या एका संग्राहकाने एकोणिसाव्या शतकात मिळविलेला, संग्रहालयातून चोरून नव्याने शिवलेला निघाला! खोटा पत्ता बाजूस सारून त्या १८८० च्या दशकातील खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षे जो नव्हता असे वाटले, तो होता. पण एका माणसाच्या असत्याने त्याचा शोध चुकीच्या वाटेला लागला होता. ‘मी पाहिले’ या दोन शब्दांचे मोल किती, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणूनच पक्ष्यांच्या शोधात खऱ्या साक्षीची किंमत फार. येथे धारेचे नाव पुन्हा घ्यावे लागते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानात पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे कडे अडकविण्याचे काम १९२७ च्या सुमारास हाती घेतले, तेव्हा ज्या ठिकाणी आरंभ झाला त्यांत धार संस्थान प्रमुख होते. रीत साधी. बदक इजा न करता पकडावे, पायात हलकेसे धातूचे कडे घालावे, क्रमांक व तारीख वहीत लिहावी, आणि पक्षी सोडून द्यावा. पुढे तो जगात कोठेही सापडला, तर कड्यावरचा पत्ता वाचून कळविणाऱ्याने कळवावे. अशा कड्यांमुळेच पुढील काळात निश्चित कळले की आपल्या तळ्यांवर चरणारी बदके उन्हाळ्यात सायबेरिया व मध्य आशियापर्यंत जातात. ज्या देशांच्या राजवटी एकमेकांशी बोलतही नव्हत्या, त्यांच्यामध्ये एका बदकाने निरोप पोहोचविला. कडे खोटे बोलत नाही. ते कीर्तीही मागत नाही.

या प्रदेशाने मोजदादीची दुसरी तऱ्हाही पाहिली आहे. जहांगीर बादशहाचा १६१७ साली मांडूस मुक्काम होता. त्याच सुमारास त्याने आपल्या आयुष्यातील शिकारीची बेरीज करविली. त्याच्या समक्ष मारलेले पशुपक्षी भरले २८,५३२, आणि त्यांपैकी त्याने स्वहस्ते मारलेले १७,१६७. जहांगीर पक्ष्यांचा मोठा निरीक्षक होता, हे खरे. तरी ती मोजणी मृतांची. आज १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत आशियातील देशांतून पाणपक्ष्यांची गणना होते, आणि माळव्यापासून मणिपूरपर्यंत शाळामास्तर, विद्यार्थी, वनरक्षक, दुकानदार असे हौशी लोक तळ्याकाठी वही घेऊन बसतात. ही मोजणी जिवंतांची. चारशे वर्षांत माणसाच्या मनात एवढा पालट झाला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, एक बदक असले काय आणि नसले काय? गहू त्याने पिकत नाही, दूध ते देत नाही. यावर धार जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका पक्ष्याकडे बोट दाखवावेसे वाटते. तो म्हणजे तणमोर. तेथे त्यास खरमोर म्हणतात. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीस बोलावणारा हा पक्षी वाचावा म्हणून १९८३ साली सरदारपूर येथे अभयारण्य झाले. तरी माळराने नांगराखाली गेली, आणि २०२१ साली तोही अत्यंत संकटग्रस्तांच्या यादीत गेला. तणमोर गेला तर केवळ एक पक्षी जात नाही. ते गवत गेले, त्या गवतावर चरणारी गुरे उपाशी राहिली, आणि पाणी धरून ठेवणारी माती वाहून गेली, याची ती वर्दी असते. दुर्मिळ बदकाचेही तसेच. ते ज्या तळ्यावर उतरते, त्या तळ्याचे पाणी अजून जिवंत आहे, एवढे तरी ते सांगते.

आणि आशेला जागा आहे. मादागास्करातील एक बुडी मारणारे बदक १९९१ साली शेवटचे दिसले. त्यानंतर ते संपले असेच पुष्कळांनी मानले. २००६ साली त्या बेटाच्या उत्तरेस एका दूरच्या तळ्यावर संशोधक दुसऱ्याच एका पक्ष्याच्या पाहणीसाठी गेले असता, त्यांना नऊ प्रौढ बदके व चार पिले दिसली. तीच ती हरवलेली जात! पुढे त्यांची अंडी उबवून पिले वाढविण्यात आली, आणि २०१८ साली एकवीस बदके सोफिया नावाच्या सरोवरात सोडण्यात आली. ज्याच्या नावाने लोकांनी हात टेकले होते, ते पुन्हा पाण्यावर पोहू लागले. गुलाबी मस्तकाच्या बदकासही जागतिक यादीत अद्याप ‘नामशेष’ म्हणून खूण केलेली नाही, ती याच सावधपणामुळे. नाही असे म्हणावयास, आहे असे म्हणण्याइतकाच पुरावा लागतो.

वाचकहो, धार-देवास आपल्यापासून दूर आहे. पण तळे दूर नाही. उत्तर कोकणात बावखले होती व काही अजून आहेत. देशावर गावतळी आहेत, बंधारे आहेत. बुजविलेल्या बावखलावर घर उभे राहते, आणि पुढल्या वैशाखात त्याच आळीतल्या विहिरी आटतात, हा हिशेब पक्ष्यांची ओळख नसलेल्यालाही समजतो. आपल्या गावचे तळे राखणे, त्यात घाण जाऊ न देणे, काठचे गवत मुळासकट न काढणे, एवढे ग्रामपंचायतीने व गावकऱ्यांनी मिळून केले, तर पाहुणे आपल्या दारीही उतरतील.

येत्या नाताळच्या सुटीत मुलांस घेऊन एका सकाळी जवळच्या पाण्यावर जावे. दुर्बीण नसली तरी हरकत नाही. वही न्यावी, तारीख लिहावी, तळ्याचे नाव लिहावे, आणि जे दिसेल तेच लिहावे. ओळखता आले नाही तर ‘ओळखले नाही’ असे लिहून पक्ष्याची चोच, कूस व पंख यांचे वर्णन करावे. मुलांस अंदाजाने नाव लिहू देऊ नये. पुढल्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जावे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. दुर्मिळ बदक कदाचित आयुष्यात एकदाही दिसणार नाही. परंतु अडीचशे वारकरी, चाळीस चक्रांग व सात तलवार बदके यांची खरी नोंद ज्या घरात दहा वर्षे राहील, त्या घरातील मुलास ते दुर्मिळ बदक समोर आले तर ओळखता येईल. आणि त्याने ‘मी पाहिले’ म्हटले, तर लोक त्यावर विश्वास ठेवतील.